शेजारच्या काकांचा गुलाब आणि तुमच्या सासऱ्यांचा युरिया

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसले, सॉरी हं, पण तुमच्या सासऱ्यांना मी न भेटताच ओळखते असं वाटलं. म्हणजे मला कळलं ते असं: पुण्याच्या सहकारनगरातली बंगल्यांची शांत गल्ली, मधे छातीएवढी भिंत, इकडे तुमचे रिटायर्ड इंजिनियर सासरे, तिकडे रिटायर्ड बँकवाले काका, आणि दोघांची गुलाबावरून ठसन. सासरे रात्री गुलाबांना युरिया घालतात, पहाटे पाण्याच्या टाकीमागे खुर्ची टाकून जास्वंदीचा चोर धरायला बसतात, जास्वंदीवर जे पांढरं पांढरं आलंय ते काकांनीच "सोडलंय" असं त्यांचं ठाम मत आहे, आणि आंब्याची फांदी काकांच्या गच्चीवर गेलीय म्हणून काकांनी परवा कुऱ्हाडीचा विषय काढला. आणि तुम्ही विचारताय हे सगळं थांबवायचं कसं.

थांबत नाही हो. मी बंगल्यांच्या बागा करते, कोथरूड, कर्वेनगर, औंध, बिबवेवाडी, तुमचं सहकारनगर, सगळीकडे कामं असतात, आणि दोन रिटायर्ड माणसं, मधे भिंत आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना थोडी माती एवढं जमलं की हे होतंच. उलट जिथे ही चुरस बंद पडली, कोणी मुलाकडे अमेरिकेला गेलं, कोणी बंगला बिल्डरला दिला, तिथे मागे राहिलेल्याची बाग वर्षभरात बसलेली मी बघितलीय, कारण दाखवायचं कोणाला. त्यामुळे चुरस राहू दे, फक्त ती अशा गोष्टीवरून असू दे जी भिंत ओलांडत नाही. गुलाबाचं फूल आपल्या जागी असतं, त्यावरून कितीही जळा. कीड, फांदी, फवारा, नळाचं पाणी आणि कॅमेरा हे मात्र भिंत बघत नाहीत, तिथे दोघांना आवडो न आवडो एका बाजूने खेळावं लागतं नाहीतर दोघांची बाग जाते.

पण त्याच्या आधी माळी. तुम्ही माळ्याचा उल्लेख केला नाहीत पण मी पैज लावते की दोन्ही घरी माळी एकच आहे, साडेसात ते साडेआठ तुमच्याकडे आणि त्यानंतर काकांकडे. गल्लीतली निम्मी भांडणं तिथून निघतात. माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याला अनुभवाने पक्कं कळलेलं असतं की पाणी घालता घालता "पलीकडच्या काकांनी यंदा हाडांचा चुरा मागवलाय" एवढं एक वाक्य सोडलं की संध्याकाळपर्यंत इकडे दोन गोण्या येऊन पडतात आणि त्या पसरायचे पैसे वेगळे मिळतात. माझ्याकडे एका गल्लीत समोरासमोरचे दोन बंगले आहेत, शेणखताचा टेम्पो एकच येतो, अर्धा इकडे उतरतो अर्धा तिकडे, दोघांच्या डोळ्यांदेखत, तरी दोघंही मला नंतर बाजूला घेऊन हळूच विचारतात, "त्यांच्याकडे काय टाकलंत?" मी सांगते, तेच. कोणाचाच विश्वास बसत नाही. एक जण तर समोरच्या फाटकाबाहेर सांडलेलं खत दोन बोटांत चोळून, वास घेऊन आले आणि मला म्हणाले, मॅडम, त्यांचं जास्त कुजलेलं आहे. आता यावर काय बोलणार. माळ्याला एकच नियम घाला, पलीकडची बातमी आणली त्या दिवशी चहा नाही. हसू नका, हा नियम चालतो.

आता युरिया, हा खरा तातडीचा विषय. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, त्याने झाड पाला करतं, लांब लुसलुशीत फूट येते, सासऱ्यांना वाटत असणार की वा काय तरारलंय, पण कळ्या कमी येतात आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा तुटून पडतो. कुंडीत जास्त पडला तर पानांच्या कडा करपतात आणि मग त्याचाही आळ काकांवर. आधी त्या कुंड्यांना खालच्या भोकातून पाणी वाहून जाईल इतकं भरपूर पाणी दोनतीन वेळा द्या म्हणजे जादाचं धुऊन निघेल. आणि डबा तुम्ही गायब करा, ओल लागून त्याचा दगड झाला म्हणून टाकला असं सांगा, युरियाला ओल लागतेच त्यामुळे ते अगदीच खोटं पण नाही.

फूल मोठं होतं ते ऊन, छाटणी आणि कळ्या खुडण्याने. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं, तुमच्या कुंड्या जर आंब्याच्या सावलीत असतील तर जगातलं कुठलंही खत घाला, काही होणार नाही. छाटणी पाऊस सरल्यावर, आपल्याकडे ऑक्टोबरात. वाळक्या, पेन्सिलपेक्षा बारीक आणि आतल्या बाजूला घुसलेल्या फांद्या काढायच्या, बाकीच्या निम्म्यावर आणायच्या, बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा, म्हणजे नवी फूट येण्याची जागा, बघून त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. मग कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, थोडा हाडांचा चुरा, बास. आणि हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर मोठं फूल देणारी जात असेल तर शेंड्याची मधली एकच कळी ठेवून तिच्या बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच नखाने खुडायच्या म्हणजे सगळी ताकद त्या एकीला मिळते. काकांच्या त्या "बशीएवढ्या" फुलाचं रहस्य बहुतेक हेच असणार, खुडलेल्या कळ्या सकाळीच कंपोस्टमधे जातात म्हणून भिंतीवरून दिसत नाहीत. सासऱ्यांना खुडायला जिवावर येईल, इंजिनियर लोकांना प्रॉडक्शन कमी करा म्हटलेलं आवडत नाही, पण एकाच झाडावर ट्रायल घ्या म्हणावं, ट्रायल म्हटलं की तयार होतात.

आणि उंचीवरून कधी जळू नका. विकतचा गुलाब कलमी असतो, खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. ती जोडाची गाठ दिसते, तिच्या खालून फूट आली तर ती खुंटाची. अशी फूट दणादण वाढते, पानं वेगळी दिसतात, आणि वेळेत काढली नाही तर वरच्या कलमाला खाऊन टाकते. औंधच्या एका क्लायंटनी अशी फूट वर्षभर जोपासली, बांबू लावला, सुतळीने बांधली, का तर ती शेजाऱ्यांच्या गुलाबाच्या वर गेली होती आणि शेजारी रोज दात घासताना गॅलरीतून ते बघायचे. मी गेल्यावर सांगितलं की हा तुमचा ग्लॅडिएटर जातीचा गुलाब नाही हो, हा त्याचा खुंट आहे, ग्लॅडिएटर कधीच गेला. त्यांनी आधी वर गॅलरीकडे बघितलं आणि मग म्हणाले, हळू बोला. ती फूट काही त्यांनी मला काढू दिली नाही.

जास्वंदीवरचं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण, यात काकांचा हात नाही. कापसासारखे पुंजके, शेंडे आकसतात, कळ्या गळतात, पानं चिकट होतात आणि मग त्या चिकट्यावर काळा थर धरतो. तो गोड चिकटा खायला मुंग्या येतात, त्याच्या बदल्यात त्या ढेकणांना राखतात आणि इकडून तिकडे नेतात पण, आणि भिंत हा मुंग्यांचा हायवे आहे. त्यामुळे काकांच्या जास्वंदीवरही हे असणार आणि काकांना वाटत असणार की तुमच्याकडून आलं. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमधे नको आणि कृपया भिंतीपलीकडे नको, लोक टाकतात म्हणून सांगतेय. उरलेल्या झाडाला पाइपने जोरात पाणी मारा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि ते मिसळायला थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, दर सात-आठ दिवसांनी तीनचार वेळा. पण हे दोन्ही घरी एकाच दिवशी झालं पाहिजे, एकाने मारलं आणि दुसऱ्याने नाही तर पंधरा दिवसांत परत जैसे थे.

दोघांना एका दिवशी फवारायला कसं लावायचं तर सरळ बोलून नाही. सासऱ्यांच्या कानावर घाला की काका म्हणे शनिवारी फवारणार आहेत, मग ती कीड आपल्याकडेच यायची. काकांच्या कानावर काकूंनी हेच उलट घालायचं. तुमच्या सासूबाईंचं आणि काकूंचं बोलणं चालू असणारच, माझ्या बघण्यात असं एकही घर नाही जिथे पुरुषांचा गुलाबावरून अबोला आहे म्हणून बायकांचं भिंतीवरून अळूची पानं, कढीपत्ता, वाटीभर विरजण हे बंद झालंय. मी तर नवीन काम घेताना आधी स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत बघते, वाटी ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली जागा सापडते.

आता जास्वंदीचा चोर. हा विषय मी रात्रभर बोलू शकते. लाल जास्वंद गणपतीला लागते त्यामुळे चोरीचं कॅलेंडर ठरलेलं आहे, संकष्टीला जास्त, अंगारकीला तर सूर्य उगवेपर्यंत अख्ख्या गल्लीतली झाडं बोडकी. आणि चोर म्हणजे कोण, तर पांढरे बूट, स्वेटर, मंकी कॅप, खिशात दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी आणि हातात छत्री. डिसेंबरात छत्री कशाला, तर मुठीने फांदी खाली ओढायला. हटकलं तर जराही न ओशाळता म्हणतात, देवासाठीच घेतोय, जसं काही आपण ती फुलं भजीला ठेवली होती.

यावर पाटी लावायचा मोह होतो, तुमच्या सासऱ्यांनी अजून लावली नसेल तर लावू देऊ नका, कारण पाटीला पाटी येते. कर्वेनगरात माझ्या एका क्लायंटनी फाटकावर लावलं, "फुले देवासाठी हवी असल्यास देवाने स्वतः येऊन न्यावीत." शेजाऱ्यांना वाटलं हे आपल्यालाच, दुसऱ्या दिवशी त्यांची पाटी आली, "आमचे देव घरीच असतात. फुलांसाठी दारोदार हिंडत नाहीत." आणि आठवड्याने तिसऱ्या बंगल्यावर, ज्यांच्याकडे नुसत्या फरशा आहेत, "शेजारील दोन्ही पाट्यांशी आमचा संबंध नाही. आमच्याकडे फुलेही नाहीत." चोराला काय, तो अंधारात येतो, त्याला पाटी वाचता येत नाही.

कॅमेऱ्याचंही तेच. एका काकांनी खास जास्वंदीसाठी सीसीटीव्ही बसवला, शेजाऱ्यांवर संशय होता म्हणून तोंड शेजाऱ्यांच्या फाटकाकडे, त्यावरून आधी एक भांडण झालं. मग फुटेजमधे जी आकृती सापडली तिचा फोटो त्यांनी उत्साहाने गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत डिलीट केला, कारण बायकोने आतून ओरडून सांगितलं की अहो ही आमच्या भजनी मंडळाची पेटीवाली. आता त्यांच्या घरून दर संकष्टीला तिला पिशवीभर फुलं सन्मानाने पोचवली जातात. कॅमेरा लावायचाच असेल तर आपल्या झाडाकडे तोंड करून लावा, दुसऱ्याच्या दाराकडे नको.

साधा उपाय सांगते. उद्या उमलणारी जास्वंदीची कळी आज संध्याकाळी ओळखता येते, लांब झालेली असते आणि टोकाला रंग बाहेर आलेला असतो. ती संध्याकाळीच खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, सकाळी देवघरात छान उमलते. चोराला उरतात पानं. आणि रस्त्याच्या बाजूची एक फांदी मुद्दाम सोडा, तेवढ्यावर छत्रीवाले खूश राहतात आणि आतल्या फांद्या मोडत नाहीत. सासरे सकाळी सातपर्यंत झोपू शकतील, टाकीमागच्या गारठ्यात बसून गुडघे धरण्यापेक्षा ते बरं.

पाण्याचं एकच. उन्हाळ्यात कपात लागली, गुरुवारी नळ बंद, अशा वेळी दोघांपैकी एकाने पाइप लावून फाटकासमोरचा रस्ता धुतला की विषय थेट खडकवासला धरणापर्यंत जातो. सकाळी लवकर, मुळाशी, झारीने. बोअरचं पाणी घालत असाल आणि पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ते बहुतेक जड पाण्यामुळे झाडाला लोह मिळत नाहीये म्हणून, तिथे परत युरिया घालू नका.

आंबा. कुऱ्हाड दोघांनीही बाजूला ठेवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा आपल्याकडे लागू आहे, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि झाडाला इजा करणंसुद्धा त्यात येतं, त्यामुळे फांद्या उतरवायच्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करा. काकांनी रागात फांदी पाडली तर ते अडकतील, आणि त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही पाडलीत तर तुम्ही. म्हणून अर्ज दोघांच्या सहीने एकच जाऊ दे, आणि काम आंबे उतरल्यावर करून घ्या, मोहरात नको. तोवर गच्चीवर पडलेली कैरी काकांची, यावर वाद घालायचा नाही. सत्यभामेने हट्टाने स्वर्गातला पारिजातक आणून स्वतःच्या अंगणात लावला आणि फुलं पडायची रुक्मिणीकडे, तिथे साक्षात कृष्ण मधे असून मिटलं नाही तर तुमचा माझा काय पाड.

राहिली मुख्य चुरस, ती गल्लीबाहेर न्या. गल्लीत अडचण ही असते की जज कोणीच नसतो, दोघंही स्वतःला पहिला नंबर देऊन मोकळे होतात. पुण्यात यासाठी सोय आहे. एम्प्रेस गार्डनमधे दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया भरवते, आणि रोज सोसायटी ऑफ पुणेची खास गुलाबांची प्रदर्शनं टिळक स्मारक मंदिरात होतात. दोन्हीकडे घरगुती बागवाले फुलं घेऊन येतात. तिथे फुलाचा नुसता आकार बघत नाहीत, फूल अर्धं ते पाऊण उमललेलं हवं, मधला भाग उंच, दांडा सरळ, पानं स्वच्छ, डाग नको. बशीएवढं पूर्ण उघडलेलं फूल घरी कितीही भारी दिसलं तरी तिथे मागे पडतं, हे कळल्यावर अर्धी हवा तिथेच जाते.

माझ्या ओळखीचे दोन शेजारी, अनेक वर्षं एकमेकांच्या कुंड्या मोजणारे, एकाच वर्षी तिथे उतरले. वेगवेगळ्या रिक्षांनी गेले, फुलं ओल्या कापसात गुंडाळून, एकाने तर शेजाऱ्याला कळू नये म्हणून फुलांची बादली टॉवेलने झाकून. बक्षीस दोघांनाही मिळालं नाही. पहिला नंबर कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्याला, ज्यांचा म्हणे पूर्ण वेळ माळी आहे. येताना दोघं एकाच रिक्षाने आले, स्वारगेटपर्यंत जजला आणि तिथून पुढे घरापर्यंत कोरेगाव पार्कला नावं ठेवत. कुंड्या अजून मोजतात, पण आता कळ्या कधी खुडल्या हे एकमेकांना सांगतात, कारण शत्रू आता गल्लीबाहेर गेलाय.

जानेवारीचं प्रदर्शन धरायचं असेल तर उलटं मोजा. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण 45 ते 55 दिवस लागतात, थंडी पडली की थोडं जास्त, म्हणजे ऑक्टोबरची मोठी छाटणी झाली तरी नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक हलकी छाटणी परत घ्या. सगळी झाडं एका दिवशी छाटू नका, तीनतीन दिवसांच्या अंतराने छाटा, एखादा गट तरी तारखेला बरोबर पाऊण उमललेला सापडतो. प्रदर्शनाची तारीख आणि नियम त्या त्या वर्षी तिथे विचारून घ्या. आणि फॉर्म दोन आणा. एक सासऱ्यांच्या टेबलावर, दुसरा सासूबाईंनी कढीपत्त्याच्या जुडीत घालून भिंतीवरून काकूंकडे द्यायचा. एकच आणलात तर सासरे एकटे जाणार नाहीत, हरले तर बघायला कोणी नाही आणि जिंकले तरी बघायला कोणी नाही.